बायपोलर विकार स्त्रियांत आणि पुरुषांत वेगळा का दिसतो?

नैराश्यावर चार-सहा वर्षे गोळ्या घेत असलेल्या स्त्रीला एके दिवशी मानसोपचारतज्ज्ञ सांगतात, की तुमचा आजार बायपोलर विकार आहे. घरच्यांना वाटते, आधीच्या डॉक्टरांना काही कळत नव्हते किंवा आताच्या डॉक्टरांनी नवेच काहीतरी काढले. दुसऱ्या एखाद्या घरात तिशीतला मुलगा दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून येतो, दर वेळी दारू सुटते आणि काही महिन्यांनी पुन्हा पहिल्यासारखे होते. शेवटी कोणीतरी विचारते, की दारू वाढण्याआधीच्या आठवड्यात हा किती तास झोपत होता, आणि तिथून त्याच आजाराचे नाव पुढे येते.

नाशिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणे आता पूर्वीइतके लपूनछपून होत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. त्यामुळे कॉलेज रोडवरच्या दवाखान्यांपासून निफाड-दिंडोरीच्या गावांपर्यंत ‘बायपोलर’ हा शब्द कानावर पडू लागला आहे. त्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो: हा आजार बायकांना जास्त होतो का? आजार होण्याची शक्यता दोघांत जवळजवळ सारखी आहे. तो प्रथम कोणत्या रूपात दिसतो, आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर उसळतो आणि दुसऱ्या कोणत्या नावाखाली दडून राहतो, यांत मात्र मोठा फरक आहे. योग्य निदानाला जी वर्षे लागतात, त्यांतली बरीचशी या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे जातात.

आधी आजार समजून घेऊ

प्रत्येकाचे मन कधी प्रसन्न, कधी खिन्न असते. तो आजार नव्हे. बायपोलर विकारात मनःस्थिती दोन टोकांकडे जाते आणि तिथे अनेक दिवस, कित्येकदा महिने राहते. वरच्या टोकाला उन्माद म्हणतात. त्यात झोपेची गरज कमी होते, तीन तास झोपूनही थकवा येत नाही, बोलणे थांबत नाही, विचार एकमेकांच्या पुढे धावतात, स्वतःच्या सामर्थ्याबद्दल अवास्तव खात्री वाटते, आणि पैसा, शरीरसंबंध किंवा वाहन चालवणे यांबाबत भान सुटते. काहींत आनंदाऐवजी केवळ चिडचिड आणि आक्रमकपणा दिसतो. ही अवस्था किमान सात दिवस टिकली, किंवा रुग्णालयात दाखल करण्याची वेळ आली, तर तिला उन्माद मानतात. हीच लक्षणे सौम्य प्रमाणात किमान चार दिवस राहिली आणि रोजचे व्यवहार पूर्ण कोलमडले नाहीत, तर तो सौम्य उन्माद. खालचे टोक म्हणजे नैराश्य, आणि ते निदान करण्यासाठी लक्षणे किमान दोन आठवडे असावी लागतात.

ज्याला आयुष्यात एकदा तरी पूर्ण उन्माद झाला, त्याचा आजार पहिल्या प्रकारचा. ज्याला सौम्य उन्माद आणि नैराश्य दोन्ही झाले, पण पूर्ण उन्माद कधीच झाला नाही, त्याचा दुसऱ्या प्रकारचा. दुसरा प्रकार हलका असतो असा समज आहे. तो बरोबर नाही, कारण त्यात नैराश्याचा काळ फार लांबतो आणि माणूस आयुष्याचा मोठा भाग त्यातच काढतो.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले, त्यात प्रौढांपैकी सुमारे ०.५ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी हा आजार झाल्याचे आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरीही तेच प्रमाण ढोबळपणे लावले, तर २०११ च्या जनगणनेत ६१ लाखांवर लोकसंख्या असलेल्या नाशिक जिल्ह्यातील सुमारे ४० लाख प्रौढांपैकी २० हजारांच्या आसपास माणसे या आजाराची असतील. त्याच सर्वेक्षणानुसार देशातील अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचारांविना होते.

मे महिन्यात पाहिलेली गंगा

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पावसाळ्यात पुराचा अंदाज घ्यायचा तर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागले हे पाहतात. समजा, एखाद्या परक्या माणसाने ही नदी फक्त मे महिन्यात पाहिली. पात्र कोरडे पडले आहे, एवढेच तो सांगेल. तिला पूर येतो, हे त्याला कळायचे असेल, तर ‘मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी कधी आले होते का?’ असे घाटावरच्या माणसाला त्याने विचारले पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञांपुढे माणूस बहुतेक वेळा खचलेला असतानाच येतो. उन्मादाच्या दिवसांत त्याला आपण आजारी आहोत असे वाटतच नाही, उलट इतके बरे कधी वाटले नव्हते असे वाटते. म्हणून तो त्या दिवसांविषयी आपणहून सांगत नाही. घरच्यांना विचारले नाही, तर फक्त नैराश्याची नोंद होते. स्त्रियांच्या बाबतीत हे अधिक का घडते, ते आता पाहू.

फरक नेमके कोणते

पहिल्या प्रकारचा आजार स्त्री-पुरुषांत सारख्याच प्रमाणात आढळतो. दुसऱ्या प्रकारचे निदान बहुतेक अभ्यासांत स्त्रियांमध्ये अधिक होते. स्त्रियांच्या आजाराची सुरुवात पुष्कळदा नैराश्याने होते आणि पुढेही नैराश्याचेच हेलकावे जास्त येतात. वर्षभरात चार किंवा अधिक हेलकावे येणे, ज्याला जलद आवर्तन म्हणतात, तेही त्यांच्यात अधिक दिसते. एकाच वेळी उन्माद आणि नैराश्य यांची सरमिसळ होण्याचेही तसेच. ही सरमिसळ फार धोक्याची असते. मन काळोखात असते आणि अंगात मात्र काही करून टाकण्याचा जोर असतो.

पुरुषांत पहिला हेलकावा उन्मादाचा असण्याची शक्यता अधिक असते, आणि काही अभ्यासांत त्यांचा आजार स्त्रियांपेक्षा काही वर्षे आधी सुरू झालेला दिसतो. स्त्रियांत आजाराबरोबर थायरॉइडचे विकार, अर्धशिशी, चिंताविकार अधिक आढळतात. पुरुषांत दारू आणि इतर व्यसने. थायरॉइडची ग्रंथी मंद झाली की आजारही हट्टी होऊ शकतो, म्हणून वारंवार हेलकावे येणाऱ्या स्त्रीची टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करणे हा उपचाराचाच भाग आहे.

ही सरासरीची विधाने आहेत. नैराश्यातच अडकलेले पुरुष असतात आणि पूर्ण उन्मादात जाणाऱ्या स्त्रियाही असतात. समोरच्या माणसाचा आजार त्याच्या लिंगावरून ठरवायचा नाही. काय विचारायला विसरू नये, हे मात्र लिंगावरून ठरवता येते.

वरचा काळ घरात कसा दिसतो

सौम्य उन्मादातली स्त्री घरात आजारी दिसत नाही, कामसू दिसते. रात्री दोनपर्यंत जागून एकटीने दिवाळीचा सगळा फराळ करणारी, आठ दिवसांत घराची साफसफाई आणि रंगकाम काढणारी, बचत गटातून उचल घेऊन अचानक शिवणयंत्रे मागवणारी सून पाहून कोणी डॉक्टरांकडे जात नाही. सहा आठवड्यांनी तीच बाई अंथरुणातून उठत नाही, तेव्हा ‘दगदग झाली’ असे म्हटले जाते. आनंदाऐवजी चिडचिड असेल, तर तिचा स्वभाव तसा आहे किंवा पाळीचा त्रास आहे, असे उत्तर तयार असते. पाळीच्या आधीच्या दिवसांत या आजाराची लक्षणे अनेक स्त्रियांत खरोखरच वाढतात, त्यामुळे हे उत्तर पटतेही. पण ‘पाळीमुळे’ आणि ‘पाळीच्या सुमारास अधिक’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन-तीन महिने रोजची झोप, मनःस्थिती व पाळीच्या तारखा एका वहीत लिहिल्या, तर त्यांतला फरक डॉक्टरांना स्पष्ट दिसतो.

याचा परिणाम गोळ्यांच्या चिठ्ठीवर होतो. बायपोलर विकार असलेल्या व्यक्तीला मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाशिवाय केवळ नैराश्यविरोधी गोळी दिली, तर काहींत उन्माद उसळतो किंवा हेलकावे वाढतात. अमेरिकेत २००० साली अशा रुग्णांच्या एका पाहणीत सुमारे ६९ टक्के लोकांनी सांगितले, की सुरुवातीला त्यांचे निदान वेगळेच झाले होते, आणि सर्वाधिक वेळा ते नैराश्याचे होते. त्यांतल्या एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना योग्य निदानासाठी दहा किंवा अधिक वर्षे लागली. म्हणून निदान बदलले, तर आधीच्या डॉक्टरांवर लगेच राग धरू नये. त्यांच्यापुढे आलेली माहिती अर्धीच होती, हे कारण अधिक संभवते.

मग रुग्णालयात पुरुषच जास्त का दिसतात?

हा आक्षेप योग्य आहे. भारतातील अनेक रुग्णालयांतल्या अभ्यासांत बायपोलर विकाराचे पुरुष रुग्ण स्त्रियांपेक्षा अधिक आढळतात, आणि उन्मादाचे हेलकावेही पाश्चात्त्य देशांतल्यापेक्षा ठळक दिसतात. त्यामागे कोण दवाखान्यापर्यंत पोहोचतो, हाही भाग आहे, असे मला वाटते. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात वरिष्ठांशी हाणामारी केलेला, जमिनीचा सौदा एका रात्रीत करून आलेला पुरुष कुटुंबाला आवरत नाही; पगार थांबतो, पोलीस येतात, मग गाडी करून त्याला आणले जाते. गप्प होऊन घरात पडून राहिलेल्या स्त्रीसाठी अशी घाई होत नाही, आणि तिला आणायचे तर सोबत कोण येणार, कांदा काढणीचा दिवस कोणाचा बुडणार, हे प्रश्न आधी येतात. रुग्णालयाच्या नोंदवहीवरून आजाराचे प्रमाण ठरवले, तर घरात राहिलेल्या स्त्रिया मोजल्याच जात नाहीत.

उन्मादात बडबडणाऱ्या स्त्रीला कित्येकदा आधी ‘बाहेरचे’ म्हणून देवऋषीकडे नेले जाते. श्रद्धा ज्याची त्याची असते, आणि सप्तशृंगी गडावर जाऊन आल्याने कोणाला धीर येत असेल, तर डॉक्टर त्याला हरकत घेत नाहीत. पण अंगात येणे आणि उन्माद यांतला फरक ओळखावा. अंगात येणे काही मिनिटे किंवा तास टिकते आणि नंतर व्यक्ती पूर्ववत होते. उन्मादात आठवडाभर झोप उडालेली असते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे किंवा मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

‘एक मूल झाले की बरी होईल’

हा सल्ला आपल्याकडे फार सहज दिला जातो, आणि या आजारात तो धोकादायक आहे. बायपोलर विकार असलेल्या स्त्रीच्या आयुष्यात सर्वाधिक जोखमीचा काळ कोणता, असे विचारले, तर मानसोपचारशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे: बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे.

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके अनेक पटींनी वाढलेली असतात. वार पडल्यानंतर ती काही दिवसांत झपाट्याने खाली येतात. त्याच दिवसांत झोप तुटते. झोप मोडणे हे उन्मादाला चालना देणारे ठळक कारण आहे, आणि ब्रिटनमधील ३,००० हून अधिक रुग्णांच्या एका अभ्यासात अपुऱ्या झोपेने उन्माद सुरू झाल्याचे स्त्रियांनी पुरुषांपेक्षा अधिक वेळा सांगितले. पहिल्या प्रकारचा आजार असलेल्या सुमारे पाचपैकी एका स्त्रीला बाळंतपणानंतर तीव्र मनोविकाराचा झटका येतो. सर्व बाळंतिणींत हे प्रमाण हजारी एक ते दोन इतकेच असते. या तुलनेतून जोखीम किती मोठी आहे, ते लक्षात येईल.

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणे, हळवे होणे हे निम्म्याहून अधिक मातांना होते आणि दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. दोन आठवड्यांपलीकडे टिकणारे नैराश्य उपचार मागते. भारतातील अभ्यास एकत्र केले असता सुमारे २२ टक्के मातांमध्ये ते आढळले. तीव्र झटका मात्र या दोन्हींपेक्षा वेगळा असतो. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच येतो: बाळ झोपले तरी आई झोपत नाही, अखंड बोलते किंवा हरवल्यासारखी पाहते, दर तासाला तिची अवस्था बदलते, बाळ आपले नाही किंवा त्यात काही शक्ती शिरली आहे असे तिला वाटू लागते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे अशी ही स्थिती आहे, कारण आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. तिला बाळासह एकटे ठेवू नये. वेळेवर उपचार झाले, तर यातून बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात, हेही तितकेच खरे आहे.

काहींच्या आजाराची पहिली ओळखच बाळंतपणानंतर होते. अमेरिकेत १०,००० मातांच्या तपासणीचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या चाचणीत ज्या माता पुढे तपासणीसाठी निवडल्या गेल्या, त्यांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा मूळ आजार बायपोलर विकार होता. बाळंतिणीच्या नैराश्यावर गोळी लिहिण्याआधी उन्मादाविषयी आणि नात्यात कोणाला असा आजार होता का, याविषयी विचारणे किती आवश्यक आहे, ते यावरून दिसते.

आपल्याकडच्या पद्धतीत एक अडचण आहे आणि एक मोठी सोयही आहे. अडचण अशी, की मुलीचा आजार सासरी सांगितलेला नसतो, लग्न ठरताच किंवा दिवस राहताच गोळ्या घरच्यांच्या सांगण्यावरून बंद होतात, आणि पहिले बाळंतपण माहेरी असल्यामुळे सिन्नर किंवा येवल्याच्या प्रसूतिगृहातील डॉक्टरांना नाशिकच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या चिठ्ठीचा पत्ताही नसतो. सोय अशी, की सव्वा महिना आई-आत्या-मावशी अशा दोन-तीन बायका बाळंतिणीभोवती असतात. रात्रीची एक-दोन पाजणी वरच्या किंवा काढून ठेवलेल्या दुधावर दुसऱ्या कोणी सांभाळली आणि आईला सलग पाच-सहा तास झोप मिळू दिली, तर या आजारात त्याचे मोल औषधासारखेच आहे. डिंकाच्या लाडवांची जितकी काळजी घेतली जाते, तितकीच तिच्या झोपेची घेतली जावी.

औषधे सर्वांना सारखी नसतात

गरोदरपणात सर्व गोळ्या थांबवणे सुरक्षित, असे वाटणे स्वाभाविक आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मात्र औषध थांबवलेल्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे ८५ टक्के जणींचा आजार उलटला. चालू ठेवलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. आजार उलटणे बाळासाठीही धोक्याचेच असते. म्हणून कोणते औषध चालू ठेवायचे, हे गर्भधारणेआधीच ठरवावे लागते.

व्हॅल्प्रोएट हे औषध बायपोलर विकारात आणि फिट्स येण्याच्या आजारात सर्रास दिले जाते. गरोदरपणात ते घेतल्यास साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग आढळते, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक व भाषिक वाढीत अडचणी दिसतात. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते. त्या वेळी आपल्याला दिवस गेले आहेत हे कित्येक स्त्रियांना कळलेलेही नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले, की मूल होऊ शकेल अशा वयाच्या मुली-स्त्रियांना हे औषध देऊ नये. लग्नाच्या वयाची मुलगी ही गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना पर्यायाविषयी विचारण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. गोळी मनानेच बंद करू नये, एवढे पथ्य पाळावे.

लिथियमचा इतिहास जुना आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावर त्याचा उपयोग प्रथम मांडला, आणि आत्महत्येचा धोका कमी करणारे औषध म्हणून ते आजही फार महत्त्वाचे मानले जाते. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या तिमाहीत लिथियम घेतलेल्या मातांच्या बाळांत हृदयाची व्यंगे दर शंभरी सुमारे २.४ आढळली, न घेतलेल्यांत १.२ च्या आसपास. धोका आहे, पण पूर्वी मानला जाई त्याहून बराच कमी आहे आणि मात्रेनुसार बदलतो. गरोदरपणात मूत्रपिंडे लिथियम अधिक वेगाने बाहेर टाकतात, म्हणून रक्तातील पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

लिथियमची रक्तातील पातळी शरीरातील पाणी आणि मीठ यांवर अवलंबून असते. दोन्ही कमी झाले, की ती धोकादायकपणे चढते. हरितालिकेचा निर्जळी उपवास, नवरात्राचे नऊ दिवसांचे अळणी उपवास किंवा मालेगावच्या उन्हाळ्यात आलेले रोजे यांविषयी डॉक्टरांशी आधी बोलून घ्यावे. एप्रिलमध्ये द्राक्षबागेत खरड छाटणीला जाणाऱ्या मजुरांनी पाणी आणि नेहमीइतके मीठ सोडू नये. पाळीच्या वेदनांसाठी दुकानातून आणलेली मेफेनामिक आम्ल, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळीही लिथियमची पातळी वाढवते. त्याऐवजी पॅरासिटामॉल चालते. हात अधिक थरथरणे, जुलाब-उलट्या, तोल जाणे, जीभ जड होणे यांपैकी काही दिसल्यास पुढची गोळी न घेता तातडीने रुग्णालयात जावे. लिथियममुळे थायरॉइड मंद होण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक आहे, तेव्हा त्याचीही नियमित तपासणी हवी.

गर्भनिरोधक गोळ्यांविषयी क्वचितच सांगितले जाते. माला-एन आणि माला-डी यांत इस्ट्रोजेन असते आणि त्याने या आजारात दिल्या जाणाऱ्या लॅमोट्रिजीन या औषधाची रक्तातील पातळी निम्म्यापर्यंत उतरू शकते. कार्बामॅझेपिन या दुसऱ्या औषधाने उलट गर्भनिरोधक गोळीचाच परिणाम कमी होतो. तांबीमुळे यांपैकी कोणताच प्रश्न येत नाही.

पुरुषांच्या वाट्याचे धोके

पुरुषांत आजार व्यसनाच्या आड दडतो. अमेरिकेतील २००३ च्या एका अभ्यासात बायपोलर विकार असलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणांना आयुष्यात कधीतरी दारूचे व्यसन होते. या आकड्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे: आजार नसलेल्या पुरुषांच्या तुलनेत आजारी पुरुषांचा धोका सुमारे पावणेतीन पट होता, तर स्त्रियांचा सात पटींहून अधिक. म्हणजे व्यसनाविषयी स्त्रियांनाही विचारले पाहिजे, आणि व्यसनमुक्तीसाठी आलेल्या पुरुषाला झोप, खर्च आणि बडबड यांच्या जुन्या काळाविषयी विचारलेच पाहिजे. दारू सुटली आणि मूळ आजार तसाच राहिला, तर ती परत येते.

आत्महत्येचा धोका या आजारात सर्वसाधारण लोकांपेक्षा २० ते ३० पट असतो. स्त्रिया प्रयत्न अधिक करतात. मृत्यू पुरुषांचे अधिक होतात. देशातील एकूण आत्महत्यांतही दर दहापैकी सुमारे सात पुरुष असतात. रडणे कमीपणाचे मानणारा माणूस आपल्या घरात असेल, तर त्याच्या गप्प होण्याकडे लक्ष द्यावे. मरणाचा विचार येतो का, असे थेट विचारल्याने तो विचार मनात नव्याने शिरत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

औषधांबाबत पुरुषांनाही सूट नाही. वडील व्हॅल्प्रोएट घेत असल्यास मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता थोडी वाढू शकते, हे लक्षात घेऊन युरोपीय औषध नियामकाने २०२४ मध्ये पुरुषांसाठीही खबरदारी सुचवली. उन्मादावर दिल्या जाणाऱ्या रिस्पेरिडोनसारख्या औषधाने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढून स्त्रियांची पाळी थांबते, तसेच पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होते किंवा छाती वाढते. संकोचाने ही गोष्ट डॉक्टरांना न सांगता गोळी सोडून देणारे पुरुष पुष्कळ असतात.

लग्न, मूल आणि निर्णय कोणाचा

आजार आनुवंशिक आहे का? त्यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. तरीही आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर मुलाला होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असते, म्हणजे बहुसंख्य मुलांना तो होत नाही. मुलीचे लग्न करू नये, असे म्हणायला वैद्यकीय आधार नाही. कायद्यातही हिंदू विवाह अधिनियमाने नुसत्या निदानावर विवाह रद्द होत नाही किंवा घटस्फोट मिळत नाही; आजाराचे स्वरूप आणि तीव्रता न्यायालय पाहते. आजार लपवून लावलेल्या लग्नात मात्र गोळ्या लपवून घ्याव्या लागतात आणि त्या लवकरच बंद पडतात, म्हणून आधी सांगणे हेच मुलीच्या हिताचे आहे. मुलाच्या आजारावर ‘लग्न करून द्या, जबाबदारी पडली की सुधारेल’ असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलीला मोजावी लागते.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा इथे उपयोगी पडतो. मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करता येत नाही, मात्र बाळाला धोका असेल तेव्हा अपवाद आहे. आईला बाळासह दाखल करणारा स्वतंत्र विभाग निम्हान्समध्ये आहे. नाशिकमध्ये प्रादेशिक मनोरुग्णालयही नाही, राज्याची चार जुनी मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यामुळे तातडीच्या वेळी कुठे जायचे, हे आपल्या मानसोपचारतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावे लागते. याच कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीला, ती बरी असताना, पुढे आजारपणात आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, तसेच आपल्या वतीने कोणी बोलावे, हे लिहून ठेवता येते. पती, आई की बहीण, ही निवड तिची आहे; सासर-माहेरच्या ओढाताणीत ती दुसऱ्यांनी करण्याची नाही. मूल हवे असलेल्या स्त्रीने हा कागद आणि औषधांची योजना शक्यतो दिवस राहण्याआधी, नाहीतर निदान सातव्या महिन्यापर्यंत तयार करावी, आणि तिची एक प्रत माहेरी, एक सासरी आणि एक प्रसूती जिथे होणार त्या डॉक्टरांकडे द्यावी.